एका तिकिटावर एक पाहुणा

रेल्वेत नोकरी केली म्हटलं की लोक दोन गोष्टी विचारतात. अपघात पाहिला का, आणि कोणी मोठा पुढारी पाहिला का. मी दोन्ही पाहिले नाहीत. एकतीस वर्षांच्या नोकरीतली एकोणीस वर्षं मी चाळीसगाव स्टेशनवर पहिल्या वर्गाच्या वेटिंगरूमच्या दारात उभा होतो. अपघात व्हायचे ते रुळांवर, आणि पुढारी जायचे तिसऱ्या वर्गाने. या अंकाच्या संपादकांना हे मी आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, जे पाहिलं ते लिहा. तर मी एक दार पाहिलं, त्याबद्दल लिहितो.

चाळीसगाव जंक्शन. मुंबईहून भुसावळकडे जाणारी मोठी लाईन, आणि तिला इथे धुळ्याची शाखा येऊन मिळते. धुळ्याच्या माणसाला जगात कुठेही जायचं तर आधी चाळीसगावला उतरून बसावं लागतं. मी स्वतः धुळ्याचा, त्यामुळे हे बसणं मला लहानपणापासून माहीत होतं. मात्र पहिल्या वर्गाची माणसं बसतात कशी, ते नोकरी लागल्यावर कळलं. ती बसत नाहीत, निजतात.

खोली तशी मोठी नव्हती. वेताच्या चार आरामखुर्च्या, सहा साध्या, मधे गोल मेज, भिंतीला माणसापेक्षा उंच आरसा, मागे न्हाणीघर, आणि छताला कापडी पंखा. त्याची दोरी बाहेर व्हरांड्यात बसलेला पंखेवाला ओढायचा. तो ओढता ओढता झोपायचा आणि झोपेतही ओढायचा, एवढं कसब मी दुसऱ्या कुठल्या खात्यात पाहिलं नाही. माझं काम खोली झाडून पुसून ठेवायची, माठ भरायचा, टॉवेल मोजायचे, गाडीच्या आधी माणसाला उठवायचं, आणि ज्याच्याकडे पहिल्या वर्गाचं तिकीट नाही त्याला आत येऊ द्यायचं नाही. शेवटचं सोडलं तर बाकी सगळं कोणालाही जमेल.

तिकीट विचारायचं, पण विचारल्यासारखं वाटू द्यायचं नाही, ही त्यातली खुबी. खऱ्या साहेबाला तिकीट विचारलं तर तो तक्रार लिहितो. खोट्याला नाही विचारलं तर तो पाय पसरतो. मी विचारायचो, "कुठल्या गाडीला उठवू?" पहिल्या वर्गाचा माणूस गाडीचं नाव सांगून डोळे मिटायचा. दुसरा सांगायचा, "मी झोपणार नाहीये." मग मी त्याला शेजारच्या खोलीची वाट दाखवायचो. कपड्यांवरून ओळखायला गेलं की फसगत ठरलेली. चोपड्याकडचे एक केळीवाले बागायतदार गुडघ्यापर्यंत धोतर आणि खांद्यावर घोंगडी घेऊन यायचे, आणि बंडीच्या खिशातून पहिल्या वर्गाचं तिकीट काढायचे. एक सुटाबुटातले गृहस्थ तासभर आरशासमोर उभे राहून गेले. त्यांच्याकडे फक्त प्लॅटफॉर्म तिकीट होतं.

आता पाहुण्यांचं सांगतो, कारण माझी सगळी कीर्ती आणि सगळी नाचक्की त्यांच्यातच आहे.

कंपनीचा एक नियम होता. पहिल्या वर्गाच्या उतारूने निरोपाला वा भेटीला आलेलं एक माणूस सोबत आत आणलं तर चालेल. ही पाटी इंग्रजीत होती, तोवर सगळं सुरळीत होतं, कारण ती कोणी वाचत नसे. पुढे हुकूम आला की पाट्या देशी भाषेतही लावा. मी इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलेला, म्हणून मास्तरांनी, म्हणजे स्टेशनमास्तरांनी, ते काम माझ्याकडे दिलं. मी दोन दिवस विचार करून लिहिलं: "पहिल्या वर्गाच्या उतारूस एका तिकिटावर एक पाहुणा आत आणता येईल." मास्तर म्हणाले, "पाहुणा कशाला? सोबती लिहा." मास्तर घाटावरचे. मी म्हणालो, सोबती तर कुत्राही असतो, पाहुणा शब्दाला इभ्रत आहे. ते हसले आणि सही करून मोकळे झाले. रंगाऱ्याने निळ्यावर पांढरी अक्षरं काढली, आणि पाटी इंग्रजीच्या शेजारी दाराच्या फळीवर लागली, उंबऱ्यातूनही वाचता यायची आणि आतूनही. महिनाभर मी येता जाता ती पाटी वाचायचो.

खानदेशात पाहुणा कोणाला म्हणतात, हे मी खानदेशी असून विसरलो होतो. आमच्याकडे जावई पाव्हना, जावयाचा भाऊ पाव्हना, व्याही पाव्हना, व्याह्याच्या गावचा बैल विकत घेणारा तोही पाव्हना. मुलगी पाहायला येतात ते तर पाव्हनेच. रस्त्यात अनोळखी माणसाला हाक मारायची तरी "ओ पाव्हना" म्हणतात. एरंडोलकडचे एक देशमुख पाटी लागल्यावर पंधरा दिवसांतच आले. सोबत सात जण. मी पाटीकडे बोट केलं. देशमुखांनी शांतपणे समजावलं, "हाऊ मना पाव्हना. तो त्याना पाव्हना. आनी तो त्याना." अशी साखळी सातव्या माणसापर्यंत नेली. पाटीवर पाहुण्याने पाहुणा आणू नये असं लिहिलं नव्हतं. सातही जण आत बसले, आणि पंखेवाल्याला त्या दिवशी खरंच जागं राहावं लागलं.

धुळ्याचे एक वकील होते, त्यांना वेताच्या खुर्चीत पाठीत उसण भरायची. ते बाहेर लिंबाखालच्या बाकावर बसायचे आणि त्यांचा कारकून पाहुणा म्हणून आत आरामखुर्चीत पडायचा. यजमान बाहेर आणि पाहुणा आत, याला काय करावं? मी मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, "तुमचा शब्द, तुम्ही निस्तरा."

असं ते निस्तरणं चालू होतं. माझं मत विचाराल तर मला त्यात मजा वाटायची. आणि त्या मजेतच मी सुपडूभाऊंना होय म्हणून बसलो.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट असेल. सुपडूभाऊ म्हणजे वाघळीच्या अलीकडच्या एका खेड्यातले शेतकरी. वाघळी हे चाळीसगावच्या पुढचंच स्टेशन. भाऊंची कापसाची शेती, खाऊनपिऊन सुखी. उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी ते बैलगाडी सोडून थेट माझ्या दारात आले आणि पाटीकडे बोट करून म्हणाले, "भाऊ, हाई काय लिखेल शे? वाची दाखाड."

मी वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग उकिडवे बसले आणि सगळं सांगितलं.

त्यांची एकुलती मुलगी भागीरथी. शाळेत हुशार निघाली, मामाकडे राहून मराठी सातवीची फायनल पास झाली, आणि तिथून पंचाईत सुरू झाली. खेड्यातल्या घरांना शिकलेली सून नको होती. दोन ठिकाणांहून मुलगी पाहून नकार आले होते. सतरा संपून अठरावं लागलेलं. आता तिसरं स्थळ आलं होतं धुळ्याचं. मुलगा कोर्टात कारकून, आणि त्याने स्वतः सांगितलं होतं की मला लिहितावाचता येणारी बायको पाहिजे. असं सांगणारा मुलगा पुन्हा मिळणार नाही, हे सुपडूभाऊंना पक्कं ठाऊक होतं. पण मुलाचा बाप, त्यांना सगळे तात्या म्हणत, मोठा मानी. त्याने निरोप धाडला, आम्ही खेड्यात येणार नाही. मनमाडला लग्नाला निघालोय, चाळीसगावला गाडी बदलायला अडीच तास आहेत, तेवढ्यात मुलगी दाखवा.

"आते सांग," सुपडूभाऊ म्हणाले, "आंडेर काय मुसाफिरखान्यात दाखाडू? बठ्ठा गाव देखी."

आंडेर म्हणजे मुलगी, बठ्ठा म्हणजे सगळा. तिसऱ्या वर्गाच्या मुसाफिरखान्यात शेंगांच्या टरफलांवर, शंभर माणसांसमोर मुलीला बसवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. म्हणून त्यांनी बेत केला होता. स्वतःसाठी पहिल्या वर्गाचं एक तिकीट काढायचं, वाघळीपर्यंतचं, आणि खोलीत बसायचं. पाहुणा एक चालतो. पाहुणा म्हणजे मुलगा.

"आणि मुलगी?" मी विचारलं.

"आंडेर काय पाव्हनी शे का? ती ते घरनी शे."

"आणि मुलाचा बाप? मामा?"

"त्या त्याना सोयरा. मना पाव्हना एकच शे."

मी हसलो. देशमुखांच्या साखळीपेक्षा हे गणित सरळ होतं. शिवाय ज्या शब्दावर एवढा विचार झालाय, तो शब्द माझा होता. तरी नाही म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "बघू." खानदेशात बघू म्हणजे होय, हेही मी विसरलो होतो.

ठरल्या दिवशी सुपडूभाऊ सकाळीच आले. वाघळीचं पहिल्या वर्गाचं तिकीट आजवर कोणी मागितलं नव्हतं. छापील तिकीटच नव्हतं, बुकिंगबाबूला कोऱ्या कागदावर लिहून द्यावं लागलं. ते त्याने दोनदा वाचलं आणि भाऊंच्या पायातल्या वहाणांकडे पाहिलं. मुलीचं तिकीट तिसऱ्या वर्गाचं. मुलीची आई घरीच राहिली होती. आधीचे दोन नकार आपण समोर असताना आले, म्हणून या वेळी पाहुणे पाहून जाईपर्यंत कोणाला तोंड दाखवायचं नाही असं तिने ठरवलं होतं. तिने फराळाचा डबा मात्र दिला होता.

भागीरथी खोलीत आली, तिने भिंतीपासून भिंतीपर्यंत एकदा पाहिलं आणि आरशाला पाठ करून साध्या खुर्चीत बसली. सावळी, उंच, हिरवं लुगडं, पायात नव्या चपला. बापाने कपाळाचा घाम पुसला तेव्हा ती म्हणाली, "आबा, तुमले कोठे दाखाडनं शे? बसा ना." मला ती तेव्हाच आवडली.

दुपारी धुळ्याची गाडी लागली. पाहुणे पाच निघाले. तात्या, मुलाचा मामा, मुलगा, आणि नुसतेच सोबत आलेले दोघे. तात्यांनी सगळ्यात मोठी आरामखुर्ची धरली. मामांनी दुसरी. मुलगा उभाच होता, मग आरशाजवळच्या खुर्चीत टेकला. वयाने चोवीस-पंचवीस, डोक्यावर काळी टोपी, बोटांना शाई. मी दारात उभा राहिलो. माझी जागाच ती, कोणाला वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं.

मुलगी पाहण्याचा कार्यक्रम मी त्याआधी माझ्या स्वतःच्या लग्नात पाहिला होता, तोही भिंतीपलीकडून. इतक्या जवळून पाहायची ती पहिलीच वेळ. नाव विचारलं, गाव विचारलं, स्वयंपाक विचारला. मामांनी वेणी सोडायला लावली आणि केस कमरेपर्यंत येतात का ते पाहिलं. मग तात्या म्हणाले, "वाचता येतं म्हणतात. वाचून दाखव काहीतरी." खोलीत वाचण्यासारखं एकच होतं. तिने उभी राहून माझी पाटी वाचली, एका दमात, स्पष्ट. वाचून झाल्यावर तिची नजर तात्यांपासून त्या सोबतच्या दोघांपर्यंत फिरली. मोजत होती हे मला कळलं.

मुलाने तेवढ्यात त्या दिवसातला एकच प्रश्न विचारला. "घरी काय वाचता?"

"मिळेल ते," ती म्हणाली. शाळेत शिकलेल्या भाषेत बोलत होती. "वाण्याकडून पुड्या बांधून येतात ते कागदसुद्धा."

मुलगा हसला. "गोष्ट अर्धवट राहत असेल."

"राहते. पुढच्या पुडीची वाट पाहायची."

मुलगा आणखी काही विचारणार होता. तात्या मधेच म्हणाले, "पुरे झालं. आमच्या घरी भाकरी कागदावर थापत नाहीत." सोबतचे दोघे मोठ्याने हसले. त्यांचं तेवढ्यासाठीच येणं झालं असावं. मग तात्यांनी तिला चालून दाखवायला सांगितलं. ती आरशापर्यंत गेली आणि आली. मामा म्हणाले, चपलांमुळे समजत नाही, चपला काढून चाल. तिने काढल्या, चालली. तात्या म्हणाले, "सरळ नाही वाटत. दारापर्यंत जाऊन ये पुन्हा." सुपडूभाऊंच्या हातात फराळाचा डबा होता. त्याचं झाकण ते लावत होते आणि उघडत होते.

ती तिसऱ्यांदा चालत दारापर्यंत आली, आणि दारातून इन्स्पेक्टर साहेब आत आले.

आमचे हे साहेब न कळवता येत, मालगाडीच्या गार्डाच्या डब्यातून उतरत. गोरे, ठेंगणे, हिंदी कामापुरतं. त्यांनी अनवाणी उभ्या मुलीकडे पाहिलं, खुर्च्यांवरच्या माणसांकडे पाहिलं, फराळाच्या डब्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. नोकरी गेली असंच मी धरलं. घरी चार तोंडं खाणारी होती.

"टिकट किसका है?"

सुपडूभाऊंनी कागदी तिकीट दोन्ही हातांनी पुढे केलं. साहेबांनी ते उजेडात धरलं, सही पाहिली, परत दिलं. तिकीट खरं होतं. मग त्यांनी इंग्रजी पाटीवर काठी टेकवली. "एक टिकट. एक गेस्ट. कौन है?"

मी भाषांतर केलं. "साहेब विचारतात, तुमचा पाहुणा कोण? एकच. बाकीच्यांना बाहेर जावं लागेल."

तात्यांनी फेटा सारखा केला आणि खुर्चीत आणखी मागे रेलले. त्यांच्या हिशेबी प्रश्नच नव्हता. वरबापाला बाहेर काढून लग्न जुळतं का? मला वाटलं, भाऊ तात्यांचं नाव घेतील, मुलगी आणि मुलगा दोघंही बाहेर प्लॅटफॉर्मवर उभी राहतील, आणि तात्या पहिल्या वर्गात एकटे बसून होकार की नकार ते ठरवतील. शहाण्या बापाने तेच केलं असतं.

सुपडूभाऊंनी एकदा तात्यांकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. मग दारात उभ्या असलेल्या मुलीच्या पायांकडे पाहिलं. डबा मेजावर ठेवला.

"हाई," ते म्हणाले. "हाई मन्ही पाव्हनी शे."

मी भाषांतर केलं नाही. साहेबांना त्यांचं बोट दिसलं होतं.

तात्या ताडकन उठले. "आम्हाला बाहेर काढता? बोलावून आणून?"

"मी नही, तात्या," सुपडूभाऊ म्हणाले. "पाटी काढी ऱ्हायनी."

पाचही जण बाहेर गेले. तात्या जे काय बोलत गेले ते व्हरांडाभर ऐकू येत होतं, पंखेवालासुद्धा थांबला. मुलगा सगळ्यांच्या मागे होता. तिच्या चपला मेजाशी पडल्या होत्या. त्याने वाकून त्या हाताने उचलल्या, तिच्या पायांपाशी ठेवल्या आणि खाली मान घालून गेला. हे मी पाहिलं. नीट पाहिलं. त्याचा अर्थ लावायला मात्र मला वेळ लागला.

साहेबांनी न्हाणीघर तपासलं, टॉवेल मोजले आणि माझ्या खांद्यावर थोपटून "गुड" म्हणाले. माझ्या नोकरीतलं हे एकमेव गुड. पुढच्या मालगाडीने ते गेलेही. मी पितळी बिल्ला कोटाच्या बाहीने पुसला आणि दारात असा उभा राहिलो की जणू ती खोली मीच बांधली होती. आत बाप आणि लेक शेव खात होते. भाऊ म्हणत होते, "तुनी मायले मी काय सांगू?" ती म्हणत होती, "सांगा, पाव्हना जेवी गया." मग दोघंही हसली.

मनमाडची गाडी यायला वीसेक मिनिटं असतील तेव्हा तो मुलगा आला. एकटाच. टोपी हातात.

"मला एक मिनिट आत जायचं आहे," तो म्हणाला.

साहेब गेले होते. मास्तर जेवायला गेले होते. अडवणारं कोणी नव्हतं, माझ्याखेरीज. आणि मी तर त्या घटकेला जगातल्या सगळ्या वरबापांवर चिडलेलो होतो. तात्यांनी एका मुलीला तीनदा चालवलं होतं, त्यात दोनदा अनवाणी, त्याचा वचपा काढायला मला त्यांच्यापैकी कोणीतरी हवंच होतं. हाच सापडला.

"नियम एका पाहुण्याचा आहे," मी म्हणालो. "जागा भरली."

"मी बसणार नाही. फक्त सांगायचं आहे."

"मला सांगा, मी निरोप देतो."

"ते त्यांनाच सांगायचं आहे." तो थांबला. "मग त्यांना बाहेर बोलवाल?"

"पहिल्या वर्गाच्या उतारूला असं उठवता येत नाही."

हे वाक्य मी कुठून आणलं कोण जाणे. कुठल्याच पाटीवर नव्हतं. त्याने वर पाहून माझी पाटी वाचली, सावकाश, कोर्टातला माणूस वाचतो तशी. मग माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. तो अजिजीने उभा होता. तेवढ्यात मामांनी प्लॅटफॉर्मच्या टोकाकडून हाक मारली. तो आणखी क्षणभर थांबला, टोपी घातली आणि गेला. थोड्या वेळाने त्यांची गाडी आली आणि सुटली.

आतून भागीरथीने विचारलं, "कोण होतं?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "चुकून आला होता."

ती दाराकडे बघत राहिली आणि मग डबा आवरायला लागली.

भुसावळकडची पॅसेंजर आली तेव्हा मी त्यांना पहिल्या वर्गाच्या डब्यापर्यंत पोचवायला गेलो. मला वाटलं, एवढं तिकीट काढलंय तर भाऊंनी गादीवर बसून जावं. ते म्हणाले, "पोर तठे आनी मी आठे?" आणि मुलीपाठोपाठ तिसऱ्या वर्गात चढले.

त्या संध्याकाळपासून मी त्या मुलाच्या एक मिनिटाचा विचार करतोय. तो काय सांगणार होता? माफी मागणार असेल. किंवा, तात्या काहीही म्हणोत, मी धुळ्याला परत आलो की कळवतो, असं सांगणार असेल. माफीसाठी माणूस एवढी अजिजी करतो का? मला वाटतं, नाही करत. त्याचं नाव मला माहीत नव्हतं. धुळ्याला गेलो की कोर्टासमोरून जायचो. एकदा फाटकाच्या आतही गेलो. चपराशाने विचारलं, कोणाकडे काम आहे? मला सांगता येईना. त्याने मला बाहेरची वाट दाखवली, आणि त्याचं बरोबरच होतं.

भागीरथीसाठी तोवर स्थळं पाहणं चालूच असेल, असं मी धरून होतो. चार-पाच वर्षांनी चाळीसगावच्या बैलबाजारात सुपडूभाऊ भेटले. थकले होते. मी मुलीची चौकशी केली. पारोळ्याकडे दिली म्हणाले, बिजवराला, पहिलीची दोन मुलं. माणूस वाईट नाही. शेत चांगलं आहे.

"वाचन चालू आहे का?" मी विचारलं.

"कोठेन ये तिले येळ," ते म्हणाले. मग माझा हात धरला. "त्या दिन मी बरोबर बोलनू ना, भाऊ? मन्ही घरवाली आजबी बोलस, एक शब्द गिळता ते पोर धुयाले नांदती."

त्यांना वाटत होतं की त्या स्थळाचं दार त्यांनी लावलं. इतकी वर्षं ते बायकोचे शब्द ऐकत होते, आणि त्या दिवसाच्या सगळ्या बोलण्यात त्यांचंच तेवढं खरं होतं. मी तिथेच सांगायला हवं होतं की मुलगा परत आला होता आणि मी त्याला हाकललं. मी म्हणालो, "बरोबर बोललात, भाऊ." हे खरंही होतं. पण त्यांना हवं होतं ते वेगळं होतं आणि ते माझ्याकडे होतं. मी ते खिशात घालून घरी आलो.

सुपडूभाऊ आता नाहीत. त्यांना सांगायचं राहिलं, म्हणून भागीरथीअक्का, तुम्हाला सांगतो. तुमच्या आबांच्या बोलण्याने काही मोडलं नाही. दारात कोणी नव्हतं असं मी म्हणालो, ते खोटं होतं. तो चुकून आला नव्हता. तो तुमच्याकडेच आला होता, आणि त्याला फक्त एक मिनिट हवं होतं.